'कशावरून?' हा प्रश्न वर्गात रुजवायचा कसा? (सोलापूर)

सीनाकाठ | सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. चौदा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात वर्गात एक गोष्ट घडली, ती डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतेय.

फळ्यावर एक गणित घातलं. 'एका कारखान्यात २४ माग आहेत आणि १२ कामगार आहेत. तर मालकाचं वय किती?' निम्म्याहून जास्त वह्यांत उत्तर आलं ३६. एका मुलाने आधी भागाकार करून २ लिहिलं होतं, मग दोन वर्षांचा मालक कसा असेल म्हणून ते खोडून बेरीज केली. म्हणजे त्याचा विचार चालू होता. पण तो उत्तर शोभेल असं करण्यापुरताच चालला. गणितातच काहीतरी गडबड आहे, असं म्हणायला तो धजला नाही.

कोडं माझं नाही, फक्त माग माझे. फ्रान्समधल्या ग्रेनोब्ल शहरात १९७९-८० च्या सुमारास प्राथमिकच्या मुलांना विचारलं होतं की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची जुळवाजुळव करून वय काढून दिलं. तेव्हा आपली मुलं ढ आहेत असा याचा अर्थ नाही. गणित म्हटलं की आकडे उचलायचे आणि काहीतरी करायचं, हे शाळाच शिकवते, तिकडेही आणि इकडेही.

पण मला लागलं ते पुढचं. ३६ लिहिलेल्या एका मुलीला मी अगदी सहज विचारलं, "कशावरून गं?" तिचा हात आधी खोडरबराकडे गेला. म्हणाली, "मॅडम, चुकलं का? पुसू का?"

घरी आल्यावर मी आठवत बसले, 'कशावरून' हा शब्द मी वर्गात कधी वापरते. उत्तर चुकलं की वापरते. बरोबर आलं की 'शाब्बास, बस' म्हणून पुढे जाते. म्हणजे चौदा वर्षं मी मुलांना हेच शिकवलं की मॅडमनी 'कशावरून' विचारलं म्हणजे आपण चुकलो. माझा खरा प्रश्न हा आहे. चिकित्सक विचार शिकवा असं २०२० चं राष्ट्रीय धोरण सांगतं, त्याआधी २००५ चा अभ्यासक्रम आराखडा घोकंपट्टीपासून सुटका करा म्हणत होता, प्रशिक्षणात तर दरवेळी ऐकतो. पण ज्या वर्गात कारण विचारणं म्हणजे चूक दाखवणं, तिथे हे बी रुजायचं कुठे?

म्हणून मी आता ठरवलंय की बरोबर उत्तरालाही 'कशावरून' विचारायचं. किंबहुना बरोबर उत्तरालाच आधी विचारायचं. पहिले दोन दिवस वर्ग गप्प. बरोबर उत्तर दिलेली मुलंही घाबरून उत्तर बदलायला लागली.

दुसरी गोष्ट, थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंद थांबतात. तेवढ्यात कोणी बोललं नाही की स्वतः सांगून टाकतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, 'माहीत नाही' कमी होतं. मी मोबाईल टेबलावर ठेवून स्वतःला ऐकलं. माझंही तेच. आता मनात ग्रामदैवताचं नाव घेत 'एक सिद्धेश्वर, दोन सिद्धेश्वर, तीन सिद्धेश्वर' म्हणते. तीन सेकंद किती लांब असतात ते शिक्षकालाच कळेल.

या आठवड्यात आठवीला उजनी धरणाची बातमी घेऊन शिकवायचा विचार आहे. तुम्ही काय करता, काय जमलं, काय फसलं, सगळं लिहा.

---

जुनी_पाटी | सोमवार, रात्री १०.३५

मॅडम, धागा वाचून बरं वाटलं. मी बार्शी तालुक्यातून शिक्षक म्हणून निवृत्त झालो. एक गोष्ट आधीच बोलतो, कारण हल्ली 'क्रिटिकल थिंकिंग' नावाचा वेगळा तास लावायची टूम शाळाशाळांतून दिसते.

वेगळा तास लावून हे येत नाही. डॅनियल विलिंगहॅम हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेच मांडत आलेत: विचार हा कशाचा तरी विचार असतो, ज्या विषयाची माहितीच नाही त्यावर चिकित्सा करता येत नाही. मला हे आपल्या चाटी गल्लीतल्या एका माणसावरून पटलं. तीस वर्षं माग चालवलेला. चादर हातात घेतली की काठ बघतो, मुठीत चुरगाळतो, वजन जोखतो आणि सांगतो की सूत कुठलं, वीण सैल का, धुतल्यावर किती आटेल. दुकानदार काही म्हणो, तो ऐकणार नाही. तोच माणूस एका भिशीवाल्याच्या बोलण्यावर पाच मिनिटांत वर्षाची शिल्लक देऊन बसला. बुद्धी तीच, चिकित्सक वृत्तीही तीच. पण चादरीबद्दल काय विचारायचं ते त्याला माहीत होतं, व्याजाबद्दल माहीत नव्हतं.

म्हणून पाठांतराला सरसकट नावं ठेवू नका एवढीच विनंती. पाढे येत नसलेल्या मुलाला 'हे उत्तर शक्य वाटतं का?' विचारलं तर तो कशाच्या आधारावर सांगेल?

---

धोटा | मंगळवार, सकाळी ७.१०

गुरुजींचं पटलं. मी मागावरचाच आहे. अशोक चौकाच्या पलीकडे आमचं घर.

कापडात दोष यायला लागला की आम्ही काय करतो सांगतो. नवीन पोरगा असला की तो सगळंच बदलतो. कांडी बदलतो, धोटा बदलतो, ताण कमीजास्त करतो, फणीला हात लावतो. दोष गेला तरी कशाने गेला ते त्याला कळत नाही, आणि उद्या परत आला की परत सगळं. वडील म्हणायचे, एका वेळी एकच बदल, मग दहा फेऱ्या बघ, मग दुसरं. शाळेत याला प्रयोग म्हणतात ते मला माझ्या पोरीचं आठवीचं पुस्तक बघून कळलं. तिला म्हटलं, अगं हे तर आजोबा करायचे.

पण मॅडम, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? घरी आम्ही तेलुगू बोलतो. पोरगी घरी दिवसभर डोकं खाते, "एट्ला तेलुसु? एट्ला तेलुसु?" म्हणजे तुमचंच 'कशावरून'. आजी म्हणाली उद्या पाऊस येणार, की एट्ला तेलुसु. मी म्हटलं भाव उतरणार, की एट्ला तेलुसु. हीच पोरगी शाळेत गप्प आहे असं तिच्या बाई सांगतात. तिला मराठी येतं, मार्कही बरे पडतात. पण पाठ केलेलं सांगायला मराठी पुरतं, भांडायला पुरत नाही. शंका घरच्या भाषेतच येते. आपल्या गावात कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. गप्प पोराला काही सुचत नाही असं समजू नका.

---

सीनाकाठ | मंगळवार, दुपारी १.२०

धोटा दादा, तुमचं हे डबा खाताना वाचलं आणि घास हातातच राहिला. माझ्या वर्गात निम्मी मुलं तेलुगू बोलणारी. आपापसात तेलुगूत बोलली की मी 'मराठीत बोला' म्हणून गप्प करते. आजपासून आधी बाकावर आपल्या भाषेत बोला, मग मला मराठीत सांगा, असं करून बघते. आणि 'एट्ला तेलुसु' मी पाठ केलं.

---

दहावीची_आई | मंगळवार, रात्री ८.४५

सगळं वाचतेय. मनातलं बोलू का? मुलगा यंदा दहावीला आहे. मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' म्हणून प्रश्न असतो. तुमचं मत लिहा. परवा तो मोठमोठ्याने काहीतरी पाठ करत होता. विचारलं तर म्हणाला, स्वमत पाठ करतोय. गाइडमध्ये प्रत्येक धड्याखाली स्वमत तयार छापलेलं आहे. क्लासच्या सरांनीही लिहून दिलंय. मी म्हटलं, अरे तुझं मत काय ते लिही ना. तो म्हणाला, "आई, माझं मत लिहिलं आणि पेपर तपासणाऱ्याला नाही आवडलं तर? दोन मार्क गेले तर तू देणार का?"

मला त्याला काही सांगता आलं नाही. आम्ही मध्यमवर्गीय माणसं. दोन मार्कांवर कॉलेज ठरतं. शिक्षक मंडळी, तुम्ही या मुलाला काय सांगाल?

---

सीनाकाठ | मंगळवार, रात्री ९.३०

ताई, त्याची भीती खोटी नाही. मी शेजारच्या वर्गाच्या मराठीच्या मॅडमना विचारलं, त्या पेपर तपासायला जातात. त्या म्हणाल्या, शंभर पेपरांत तेच तयार स्वमत वाचून डोळे थकतात. एखाद्याने साध्या भाषेत, धड्यातला आधार देऊन स्वतःचं लिहिलं की हात आपोआप थांबतो. धड्याच्या विरोधात मत लिहिलं म्हणून मार्क कापायचे नसतात, कारण न देता लिहिलं तर कापले जातात.

घरी एक करून बघा. त्याला मत विचारू नका. गाइडमधलंच स्वमत घ्या आणि म्हणा, हे खोडून काढ. म्हणजे धड्यातलं कोणतं वाक्य याच्या विरुद्ध जातं ते शोध. स्वतःचं मत मांडायला मुलं बिचकतात, दुसऱ्याचं खोडायला बसतात. आणि खोडता खोडता धडा तीनदा वाचून होतो.

---

मागचा_बाक | मंगळवार, रात्री ११.०५

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सातवीतलं सांगतो, शाळेचं नाव घेत नाही.

सर म्हणाले, रोज दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणून सावली पायाखाली जाते. मी हात वर केला आणि म्हटलं, सर, डिसेंबरमध्ये मधल्या सुट्टीत तर झेंड्याच्या खांबाची सावली लांब पडते. सर म्हणाले, "फार आगाऊ झालास." आणि मला वर्गाबाहेर उभं केलं. बाहेर उभा होतो तेव्हा समोर तोच खांब होता आणि त्याची सावली होती. ती बघत तास संपेपर्यंत उभा राहिलो. त्यानंतर शाळा सुटेपर्यंत मी हात वर केला नाही. पाच वर्षांत एकदाही नाही.

पुढे कॉलेजात आल्यावर स्वतः हिशेब केला. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर. सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो, मेच्या दहा-अकरा तारखेच्या सुमारास आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. आणि तेही बारा वाजता नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, सोलापूर ७५.९ च्या आसपास, म्हणजे मे महिन्यात मध्यान्ह होते बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी. २२ डिसेंबरला तर भर मध्यान्हीलाही एक मीटर काठीची सावली ८७ सेंटिमीटरच्या आसपास पडते.

मॅडम, एक काठी आणि एक खडू लागतो. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. सगळ्यात आखूड सावली बाराला पडत नाही हे मुलांना स्वतः दिसेल. मला त्या दिवशी कोणी एवढंच म्हणायला हवं होतं: चल, मोजू या.

---

सिद्धेश्वर_पेठ | बुधवार, सकाळी ६.४०

वाचून वाईट वाटलं बाळा. पण दुसरी बाजूही मांडतो, राग मानू नका. मी आजोबा आहे. घरात नातवंडं आता प्रत्येक गोष्टीला का म्हणतात. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजाच्या काठीला नमस्कार कर म्हटलं की का. मोठ्यांना प्रश्न विचारायला शिकवताना आदर शिकवायचं राहून जातं, अशी मला मनापासून भीती वाटते. श्रद्धा ही पुरावा मागून येत नाही.

---

जुनी_पाटी | बुधवार, सकाळी ९.१५

मालक, तुमची भीती मी समजू शकतो. पण आपल्या ग्रामदैवताचीच कथा आठवा. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात तळं खोदत होते, देवळं बांधत होते, लोक त्यांना मानत होते. परंपरेत सांगतात की संतकवी अल्लमप्रभू इथे आले आणि त्यांनी तोंडावर विचारलं की हे खोदकाम, हे बांधकाम कशासाठी, याने काय साधतं? लोक चिडले. सिद्धराम मात्र त्यांच्याबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला गेले, शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांच्या चर्चेत बसले आणि पुढे त्यांची वचनं झाली. ज्यांच्या नावाने आपण संक्रांतीला गड्डा यात्रा भरवतो, त्यांनी आपल्यालाच प्रश्न विचारणाऱ्याचा हात धरला.

नातवाने नंदीध्वजाला नमस्कार का असं विचारलं तर त्याला ६८ लिंगांची प्रदक्षिणा आणि कुंभारकन्येच्या विवाहाची कथा सांगा, काठी कोण धरतं, तोल कसा सांभाळतात ते सांगा. बहुतेक वेळा मुलाला पुरावा नको असतो, गोष्ट हवी असते. आणि कधी खरंच पुरावा हवा असेल तर 'मलाही पूर्ण माहीत नाही, बघू या' असं म्हटल्याने आजोबांचा मान जात नाही. माझ्या आजोबांचा तरी गेला नव्हता.

राज्यघटनेत १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने नागरिकाची मूलभूत कर्तव्यं आली, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी वाढवणं एकाच ओळीत आहे. मी परिपाठाला ती ओळ वाचायला लावायचो. मानवतावाद त्यातून वेगळा काढता येत नाही.

---

मंगळवेढ्याची_ज्वारी | बुधवार, रात्री ९.००

गुरुजींच्या शेवटच्या वाक्यावरून लिहिते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे भिक्षेला गेली होती. पोरं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या भागात मोबाईलवरून फिरत होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. त्यातली बहुतेक माणसं आमच्या मंगळवेढा तालुक्यातली. त्यांची प्रेतं घरी आली तो दिवस तालुका विसरलेला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

मी अंगणवाडीत काम करते, शिक्षिका नाही. पण या धाग्यावर 'शंका घ्यायला शिकवा' हे वाचलं की मला थांबावंसं वाटतं. त्या जमावात शंका कमी नव्हती. अनोळखी माणसावर तर पुरेपूर शंका होती. त्या माणसांनी ओळखपत्रं दाखवली असती तरी तीही खोटी ठरली असती. शंका घेतली नाही ती फक्त एका गोष्टीवर, हातातल्या मोबाईलवर. हा मेसेज कोणी लिहिला? कुठलं पोर, कुठल्या गावचं, कधी पळवलं? एकानेही 'कशावरून' विचारलं असतं, आणि ते मोठ्याने विचारायची हिंमत केली असती, तर?

म्हणून म्हणते, नुसती शंका शिकवू नका. आपल्याला जे आधीच पटलंय, त्याला प्रश्न विचारायला शिकवा. ते फार जड जातं. मलाही जातं.

---

मागचा_बाक | बुधवार, रात्री १०.२०

ताई, याला जोडून एक. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ४५ जणांना इंटरनेटवरची माहिती पारखायला बसवलं. १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ त्यांचेच विद्यार्थी. इतिहासतज्ज्ञ आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत नीट वाचत बसले आणि छान लोगो, गंभीर भाषा यांना फसले. तपासनीस मात्र पान जेमतेम बघून बाहेर पडायचे, दुसऱ्या खिडक्या उघडून या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते आधी बघायचे. म्हणजे मेसेज पुन्हा पुन्हा नीट वाचून तो खरा की खोटा कळत नाही. त्याच्या बाहेर जाऊन चार ठिकाणी विचारावं लागतं. मुलगी बघायला जाताना घरचे गावात चौकशी करतात, तसंच.

---

कुडलचा_वाटसरू | गुरुवार, दुपारी ४.३०

इतिहासाच्या शिक्षकांसाठी आपल्या दारातलं उदाहरण देतो. मराठीतला आद्य शिलालेख कोणता? मुलं डोळे झाकून सांगतात, श्रवणबेळगोळ, इ.स. ९८३.

आता मुलांना दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला न्या. भीमा आणि सीनेचा संगम, चालुक्यकालीन मंदिर, ३५९ मुखांचं शिवलिंग. तिथे तुळईवर मराठी ओळ कोरलेली आहे, सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी ती उजेडात आणली. तिच्यात शके ९४० आहे. ७८ मिळवा, इ.स. १०१८. मग मुलं म्हणणार, ९८३ आधीचं, म्हणजे श्रवणबेळगोळच पहिलं. इथे थांबायचं. श्रवणबेळगोळच्या त्या मराठी ओळीत साल कोरलेलंच नाही. 'चावुंडराजाने करवलं' एवढंच आहे, आणि तिथली गोमटेश्वराची मूर्ती कधी उभी राहिली असावी यावरून साल धरलं जातं. रायगड जिल्ह्यातल्या आक्षीचा लेख शके ९३४ चा मानतात, पण तिथलं साल कसं वाचायचं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

तेव्हा 'पहिला' म्हणजे काय? सगळ्यात जुना की स्वतःवर तारीख असलेला सगळ्यात जुना? मी एकदा एका सहलीतल्या मुलांना हे विचारलं. एक मुलगा म्हणाला, "काका, पेपरात आलं तर काय लिहायचं?" मी म्हटलं, पेपरात पुस्तकातलं लिही, पण तुला माहीत असू दे की ते कसं ठरलं. कुडलच्या त्या ओळीत, जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचं लिहिलंय.

---

दहावीची_आई | गुरुवार, रात्री ९.१०

मुलाला गाइडमधलं स्वमत खोडायला लावलं. आधी कुरकुरला. मग चाळीस मिनिटं लागली आणि पानभर लिहिलं. शेवटी म्हणाला, "आई, गाइडवाल्याने धडाच नीट वाचला नाही." परीक्षेत काय लिहील माहीत नाही. पण आज पहिल्यांदा त्याने धड्याबद्दल माझ्याशी वाद घातला. सीनाकाठ मॅडम, धन्यवाद.

---

सीनाकाठ | शनिवार, संध्याकाळी ६.१५

आज शनिवारची सकाळची शाळा. उजनीचा तास घेतला. सविस्तर लिहिते, कारण तुमच्या सगळ्यांचं त्यात काहीतरी आहे.

फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. 'उजनी १११ टक्के.' 'उजनी वजा ६०.' पहिली आपण भरल्या पावसाळ्यात ऐकतो, दुसरीच्या अगदी जवळ २०२४ च्या उन्हाळ्यात धरण गेलं होतं. विचारलं, दोन्ही खरं असू शकतं का? एक सिद्धेश्वर, दोन सिद्धेश्वर, तीन सिद्धेश्वर. सहा-सात झाले तरी थांबले. आधी बाकाबाकावर कुजबुज, तेलुगूत, कन्नडमध्ये, चालू दिली. मग हात वर यायला लागले. एक जण म्हणाला, वजा म्हणजे धरणावर पाण्याची उधारी झाली. एक म्हणाली, शंभराच्या वर जाऊच शकत नाही, पेपरवाल्यांनी चूक छापली. एकाने सांगितलं, त्याच्या घरी पाच-सहा दिवसांनी नळ येतो, तेव्हा वजाच असणार.

मग आकडे दिले. एकूण साठा ११७.२३ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला ६३.६६ मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या दारांच्या खाली राहणारा. वर उरतो तो ५३.५७ उपयुक्त साठा. टक्के फक्त या वरच्या भागाचे मोजतात. म्हणून मृतसाठ्याच्या वरची पातळी म्हणजे शून्य. वजा ६० म्हणजे ५३.५७ चे ६० टक्के मृतसाठ्यातून गेले, साधारण ३२ टीएमसी. तरीही धरणात ३१ च्या वर शिल्लक. मुलांनी गणित वहीत केलं. १११ टक्क्यांना एकूण १२३ टीएमसी येतं, पूर्ण पातळीच्या वर साठवलेल्या पुराच्या पाण्यासकट. गुरुजी, तुमचं म्हणणं इथे पटलं. शेकडेवारी येत नसलेली चार मुलं होती, ती या चर्चेत कुठेच पोचू शकली नाहीत. सोमवारी त्यांना वेगळं बसवून शेकडेवारी घेणार आहे.

बरोबर उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला 'कशावरून' विचारलं. एक मुलगा आता खोडरबराकडे न बघता म्हणाला, "हे बघा मॅडम, भागाकार करून दाखवतो."

मला वाटलं तास झाला. फळा पुसायला वळले तर मागून हळू आवाजात ऐकू आलं, "एट्ला तेलुसु?" ती मुलगी शेजारणीला विचारत होती. गेल्या आठवड्यात 'पुसू का' म्हणणारी तीच. धोटा दादा, तुमची पोस्ट वाचली नसती तर मी 'मराठीत बोला' म्हणून पुढे गेले असते. मी म्हटलं, काय एट्ला तेलुसु? मोठ्याने विचार. ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. म्हणाली, "मॅडम, ६३.६६ कशावरून? धरण तर १९८० चं आहे ना? तळाला गाळ बसला असेल. मग तळाचं पाणी तेवढंच कसं राहील?"

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, मला माहीत नाही. मी हा आकडा वाचला आणि तुम्हाला दिला, कशावरून ते मी विचारलंच नाही. गाळ नुसता तळाशीच बसतो असंही नाही, वरच्या भागातही बसतो, तेव्हा वरचा ५३.५७ ही तपासावा लागेल. नाशिकची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून जलाशयांतला गाळ मोजते एवढं मला माहीत होतं, ते सांगितलं. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

मग मुलांनीच ठरवलं, पत्र लिहायचं. मसुदा त्यांचा, मी फक्त शुद्धलेखन बघितलं:

'मा. कार्यकारी अभियंता साहेब यांस, सा. न. उजनी धरणाचा मृतसाठा ६३.६६ टीएमसी आहे असे आमच्या मॅडमनी सांगितले. हा आकडा धरण बांधले तेव्हाचा आहे की आत्ताचा? आत्ताचा असेल तर शेवटचे कधी मोजले आणि कसे? तेव्हाचा असेल तर पेपरात येणारे टक्के कशावरून काढतात? गाळ मोजतात ते आम्हाला बघायला मिळेल का? आम्ही ४१ जण आहोत. शनिवारी आम्हाला अकरानंतर सुट्टी असते. आपले, आठवी ब.'

सोमवारी पाठवायचंय. भीमा कालवा मंडळाच्या ऑफिसात द्यावं की थेट भीमानगरला, कोणाला माहीत असेल तर सांगा.

---

धोटा | शनिवार, संध्याकाळी ७.०५

मॅडम, हे घरात मोठ्याने वाचून दाखवलं. पोरगी विचारतेय, उत्तर आलं की इथे टाकाल ना?

---

जुनी_पाटी | शनिवार, रात्री ८.००

मंडळ कार्यालय सोलापुरातच आहे, तिथेच द्या, एक प्रत भीमानगरला टपालाने पाठवा. देताना दोन प्रती न्या आणि एकीवर आवक-जावकचा शिक्का, तारखेसकट, मुलांच्या हातात घ्या. महिनाभर वाट बघून त्याच आवक क्रमांकाने स्मरणपत्र लिहायचं. आणि मॅडम, पत्र द्यायला त्या मुलीला बरोबर घेऊन जा.